आवरलेले हात

वाळूजच्या कारखान्यातल्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात शब्द टिकत नाहीत. तिथे माणसे हातांनी बोलतात. मुळातच अबोल असलेल्या अंगदला ती भाषा मानवली होती. घरी आल्यावरही त्याचे हात गप्प बसत नसत, आणि दीड वर्षाच्या श्रेयाने त्यांतली एक खूण उचलली होती. अंगठा ओठांशी नेला की पाणी.

मग करमाडहून त्याची आई, पुतळाबाई, राहायला आली. ती खूण पाहताच तिने कपाळावर हात मारला.

“आरं, धडधाकट पोरीला मुकी करतो का? हातानंच भागलं, तर जीभ कशाला उचलंल ती?”

बायकोने, सरितानेही, मान डोलावली. आईला उलट बोलणे अंगदला कधी जमले नव्हते. त्याने हात आवरले. काही आठवड्यांत श्रेयाचा अंगठाही ओठांशी जाईनासा झाला. शब्द मात्र आला नाही. हाक मारली तरी ती वळेना. खाटेखाली बसून एकच झाकण फिरवत राही. “लई गुणाची पोर, आवाज म्हणून नाय,” शेजारणी म्हणत. ते कौतुक अंगदच्या जिव्हारी लागे.

वर्ष असेच गेले. तपासणीत स्वमग्नता निघाली, आणि आज अंगद आणि सरिता तिला घेऊन शहरातल्या वाचा-उपचारतज्ज्ञ विशाखाताईंसमोर बसले होते.

“पावणेतीन वर्षांची ना? वेळ गेलेली नाही,” ताई म्हणाल्या. “आठवड्यातून तीनदा इथं आणा. पण खरं काम घरीच. तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, एकेक शब्द बोलायचा. चित्रांची कार्डं देते. आणि शब्दासोबत हातानं खूण करायची.”

“खूण?” अंगदचा आवाज चिरकला. “त्यानं बोलणं मागं पडतं ना?”

“कोण म्हणालं? उलट शब्दाला वाट मिळते. आधी करायची का एखादी?”

सरिता फरशीकडे पाहू लागली.

“एक करायची,” तो म्हणाला. “आम्हीच बंद केली.”

ताईंनी कार्डं त्याच्यापुढे सरकवली. “या मुलांची आलेली खूण कधीकधी आपसूकही जाते हो. मनाला लावून घेऊ नका.”

हे खरे होते की नुसती दया, हे त्याला कधीच कळणार नव्हते.

घरी येताच तो खाटेपाशी जमिनीवर बसला. अंगठा ओठांशी नेऊन म्हणाला, “पाणी.”

“फिरून सुरू केलं का तुझं?” पुतळाबाई सुपावरची मान वर करून म्हणाली.

“व्हय, माय. आता नाय थांबायचो.”

म्हातारी पुन्हा पाखडू लागली. बऱ्याच वेळाने श्रेयाने, त्याच्याकडे न पाहताच, त्याचे मनगट धरून माठाकडे ढकलले. खूण नव्हती, शब्दही नव्हता. त्याने पेला भरून दिला. ती प्यायली आणि पाठ फिरवून बसली.

त्या इवल्याशा पाठीशी अंगद बोलत राहिला. पेला. पाणी. श्रेया. बाबा. इतके शब्द एका दमात बोलायची त्याला सवय नव्हती.