कासवाचं दाबलेलं बटण

डेल्बर्ट क्रूझला मी कितीदा तरी सांगितलं होतं, तुझ्या रेडिओतला लाल दिवा गेलाय, बदलून घे. आम्ही ट्रकवाले या रेडिओवरून एकमेकांशी बोलतो; बोलायचं बटण दाबलेलं असलं की तो दिवा पेटतो, एवढंच त्याचं काम. पण डेल्बर्ट पक्का चिंगूस. "बटण दाबलंय हे माझ्या अंगठ्याला कळत नाही होय?" म्हणायचा.

आमच्या नेब्रास्कातल्या हमरस्त्यावर एके काळी एकोणीस नंबरच्या चॅनलवर तोंड घालायला जागा मिळत नसे. पोलीस कुठे दडलाय, पुढे कुठे गाड्या तुंबल्यात, कुणाची बायको रुसून माहेरी गेलीय, सगळं हवेतच कळायचं. खरी नावं कुणी घेत नसे. माझा आवाज मोठा, म्हणून मी भोंगा. सगळ्यांना पुढे जाऊ देणारा डेल्बर्ट म्हणजे कासव. आता पोरं फोनमध्ये रस्ता बघतात आणि चॅनल ओस पडलंय. डेल्बर्ट मात्र अजूनही समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकला विचारायचा, "काय भाऊ, रस्ता कसा होता?" उत्तर येत नसे. मला वाईट वाटायचं. तोंडावर मात्र मी त्याला वेड्यात काढायचे.

त्या दिवशी सकाळी पाऊस पडता पडताच गोठला. फोनचा मनोरा बंद पडला, आणि ज्यांच्याकडे जुने सेट होते त्या सगळ्यांनी धूळ झटकून ते सुरू केले. मीही केला. साखर कारखान्याजवळ माझ्या पुढेच डेल्बर्टचा ट्रक रखडत चालला होता. सेटमधून त्याचाच आवाज आला.

"लव्हॉन, तू फार चांगली बाई आहेस. छे! हे मयताला बोलल्यासारखं वाटतंय."

माईक सीट आणि थर्मासच्या मध्ये चेपला गेला असणार. बटण दाबलेलं असलं की आपला आवाज साऱ्या रस्त्याला जातो, पण दुसऱ्याचं एक अक्षर आपल्याला ऐकू येत नाही. त्याला शंका तरी कशी यावी? चॅनलच्या शांततेची त्याला वर्षानुवर्षांची सवय.

लव्हॉन सेडलाचेक म्हणजे पुढच्या वळणावरच्या खाणावळीची मालकीण. किती ट्रक येताहेत ते कळावं म्हणून तिच्या स्वयंपाकघरात सेट कायम चालू असतो. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आता तिने खाणावळ विकली होती आणि रविवारी ती कायमची बहिणीकडे अ‍ॅरिझोनाला निघाली होती. डेल्बर्ट इतकी वर्षं तिच्याकडे चिली, म्हणजे राजमा-खिम्याचं तिखट कालवण, आणि दालचिनीचा रोल खातोय, पण "आज रोल मऊ झालाय" याच्या पुढे गाडी कधी सरकली नव्हती. आज खाणावळीचा शेवटचा दिवस; आज नाही विचारलं तर संपलंच.

मी हॉर्नवर हॉर्न मारले, दिवे उघडझाप केले. त्याने खिडकीतून हात काढून मला पुढे जायला सांगितलं.

"ही वर्लीन का बोंबलतेय मागून? जा बाई, जा, तुझंच राज्य," असं वर सगळ्या रस्त्याला ऐकवलं. मग पुन्हा सराव. "लव्हॉन, माझ्या ट्रकचं कर्ज फिटलंय, दातही बरेचसे माझेच आहेत. नको, दातांचं नको." मग बराच वेळ नुसती इंजिनाची घरघर. मग एकदम हळू आवाजात, "लव्हॉन, मी घरी जातो तेव्हा रस्ता कसा होता हे विचारायला कुणी नसतं."

मी हॉर्न वाजवायचं सोडून दिलं.

आम्ही पोचलो तर खाणावळ भरलेली. एमेट नावाचा निवृत्त पोस्टमन, घराच्या छपरावर चर्चच्या मनोऱ्याएवढी एरियल लावून दिवसभर लोकांचं बोलणं ऐकणारा आमच्या गावचा हौशी, तोही येऊन बसला होता. डेल्बर्ट आत आला आणि सगळ्यांनी आपापल्या वाडग्यात डोकं खुपसलं. लव्हॉनने त्याच्यापुढे चिली आणि रोल ठेवला आणि तिथेच थांबली.

डेल्बर्टने टोपी काढली. पुन्हा घातली.

"अ‍ॅरिझोनात ऊन फार असतं म्हणे."

"असतं म्हणे."

"आज रोल मऊ झालाय."

"तू अजून खाल्ला नाहीस, डेल्बर्ट."

तो उठला, पैसे ठेवले आणि बाहेर पडला. एमेटने कपाळावर हात मारला. मी डेल्बर्टला बखोटीला धरून परत आणायला निघाले, तर लव्हॉन म्हणाली, "बस खाली, वर्लीन."

खिडकीतून आम्हाला तो दिसत होता. ट्रकमध्ये चढला, वाकला आणि हातात माईक घेऊन तसाच बसून राहिला. स्वयंपाकघरातल्या सेटवर येणारी त्याच्या चालू इंजिनाची घरघर थांबली. त्याला कळलं होतं.

लव्हॉन आत गेली. "कासवा, ऐकतोयस?"

सेटमधून उत्तर आलं. "ऐकतोय. कधीपासून दाबलेलं होतं गं?"

"साखर कारखान्यापासून."

"म्हणजे दातांचंही?"

"दातांचंही. सगळ्या रस्त्याने ऐकलं. पण तू ते ट्रकला सांगत होतास. मला कुणी काहीच विचारलेलं नाही."

कुणी चमचासुद्धा हलवत नव्हतं. हमरस्त्यावरही सगळे गप्प होते, आणि त्या गर्दीच्या दिवसांतही आमचे लोक कधी एवढे गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

"लव्हॉन," तो म्हणाला, "जाऊ नकोस. माझ्याशी लग्न कर. मला दुसरं काही नीट बोलता येत नाही."

लव्हॉन माईक धरून उभी होती. तिने ॲप्रनला डोळे पुसले, पण त्यावर चिली सांडली होती, म्हणून ते आणखीच चुरचुरले. मग तिने बटण दाबलं.

"कासवा," ती म्हणाली, "रस्ता कसा होता?"



"घसरडा होता गं," डेल्बर्ट म्हणाला. "पण पोचलो."