कापराचं पाणी

कापूर पाण्यात फारसा विरघळत नाही. त्याचे बारीक कण पाण्यावर गरगर फिरत राहतात आणि तेलकट बोट लागलं की एकदम थांबतात. ताहेराने हे पुष्कळदा पाहिलं होतं. मयतीच्या शेवटच्या पाण्यात कापूर घालतात, आणि मोमिनपुऱ्यात बाई वारली की आंघोळ घालायला बोलावणं तिलाच येई.

१९७९च्या मे महिन्यातली ही मयत मात्र बड्या आपांच्या आईची होती. बडी आपा म्हणजे मुलींच्या मदरशाच्या मुख्य.

मदरशात शेवटच्या वर्षी हे स्नान शिकवत. आपा फळीवर कापडी बाहुली ठेवून किताबातून वाचून दाखवत. ताहेरा शिकत होती त्या हिवाळ्यात गल्लीत एक म्हातारी गेली. "कोण जाते?" आपांनी विचारलं. एकीला मळमळायला लागलं, दुसरीला ताप आला. ताहेराने हात वर केला. "उस्तानी व्हायचं, पोरींले शिकवायचं, तर हे यायलेच पाहिजे," आपा म्हणाल्या. लहान मुलींचा वर्ग आपल्यालाच मिळणार, असं ताहेराने त्यावरून धरलं.

वर्ग आधी ईदनंतर मिळणार होता, मग उन्हाळ्यानंतर, मग पुढच्या ईदनंतर. आई रामटेकजवळच्या खेड्यातून निरोप धाडून विचारत राहिली. शेजारची प्रेमिला सरकारी दवाखान्यात आया होती. तिथे काही काम मिळेल का, असं ताहेराने विचारल्यावर ती हसली. "तुही मदरशाची सनद तिथं कोन पाह्यते वं? मॅट्रिक लागते." एक स्थळ आलं. मुलाच्या आईला ताहेरा काय करते ते कळलं, आणि ती समोरचं सरबत तसंच ठेवून उठली.

उरला होता तो वर्ग.

आपांच्या अंगणात आज चादरींचा आडोसा केला होता. दोनदा पाणी घालून झालं होतं; शेवटचं, कापराचं, उरलं होतं. आपांची भाची नर्गिस नाकाला ओढणी लावून लांब उभी होती. मदरशातून ती यंदाच शिकून बाहेर पडली होती.

"ताहेरा, इकडे नको येऊ वं," ती म्हणाली, "मी अजून जित्ती आहो."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. बाहेरून पुरुषांनी हाक दिली. जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर लगेच जनाजा उठवायचा होता.

ताहेराने लोटा खाली ठेवला.

"आपा, वर्ग कोनाले देता ते आधी सांगा."

"आत्ता? माही माय फळीवर आहे!"

"म्हनूनच आत्ता. नंतर तुम्ही ईद सांगाल."

"तौबा! मयत अडवते," कोणीतरी म्हणालं.

"नाहीतर शेवटचं पानी तुम्ही घाला," ताहेरा म्हणाली. "शिकवलं तर तुम्हीच."

आपांनी लोटा उचलला. ओली चादर म्हातारीच्या गुडघ्यांना चिकटली होती. आपा वाकल्या, हात पुढे केला, आणि तो तिथेच राहिला. लोटा कलला. पाणी फळीच्या बाहेर मातीत गेलं. इतकी वर्षं बाहुलीवर शिकवणाऱ्या बाईने मेलेल्या माणसाला कधी हात लावलेला नव्हता, हे सगळ्यांसमोर उघडं झालं.

ताहेराला बरं वाटलं. आता या नाही म्हणू शकत नाहीत, तिने मनात म्हटलं, आणि लोट्यासाठी हात पुढे केला.

आपांनी लोटा तिच्या हातात दिला. दिल्यावर आपली बोटं ओढणीला नीट पुसली, एकेक करून. इतरांशी त्या उर्दूत बोलत; ताहेराशी मुद्दाम मराठीत, खेड्यातली म्हणून.

"आयक मग. वर्ग नर्गिसले देल्ला. रमजान झाला का ती बसन. पोरींच्या माया तुह्या हातचं पानी पोरींले पिऊ देत नाहीत, तुले वर्ग कुठून देऊ? तुहं काम हे. मी मरन तवाही तूच येशीन. घाल पानी."