आई हयात आहे

सगळ्यात आधी सांगतो, माझी आई जिवंत आहे. अहमदपुरात, माझ्याच घरी, आत स्वयंपाकघरात. हे गेल्या महिन्यात मी इतक्या लोकांना सांगितलं की आता कधीकधी मलाच उठून बघून यावंसं वाटतं.

मी निवृत्ती. हायस्कूलवर भूगोल शिकवतो आणि तीन वर्षांपासून ब्लॉग लिहितो. वाचक चौदा. त्यातले पाच घरातले, आणि त्या पाचांतही बायको, रूपाली, खरंच वाचते की नुसती लिंक उघडून बंद करते, देव जाणे. रूपाली नेहमी म्हणते, "नाव निवृत्ती आहे तर घ्या की एकदा." उरलेल्यांत भरवशाचा माणूस एकच, नांदेडचे धम्मानंद सर, पोस्टातून रिटायर झालेले. ते प्रत्येक लेखाखाली दोन ओळी लिहितातच. बाकी शुकशुकाट. मांजरा नदीवर लिहा, बालाघाटाच्या डोंगरावर लिहा, काळ्या मातीवर लिहा, कुत्रं विचारत नाही.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीच्या अगदी शेवटी नांदेडला एका कार्यशाळेला गेलो. वाचक कसे वाढवायचे ते शिकवणारी. तिथल्या मॅडम म्हणाल्या, सर, तुमच्या लेखात माहिती फार, माणूसच नाही. घरातलं लिहा. मोठा फोटो लावा, ब्लॅक अँड व्हाइट असला तर लोक थांबून बघतात. आणि खाली जो कोणी लिहील त्याला उत्तर द्या. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

घरी आल्या आल्या आईवर लिहिलं. आमच्या मुखेडजवळच्या गावातली, माझ्या लहानपणची आई. ती पहाटे चारला उठायची, करडईची भाजी कशी करायची, मास्तरांशी भांडायला शाळेत कशी यायची. लहानपणचं म्हटल्यावर उठायची, करायची असंच येणार ना? शेवटची ओळ, "अशी होती माझी आई." म्हणजे तेव्हा! आणि फोटो? आईचा बरा फोटो एकच, बचत गटाच्या बायकांनी सत्कार केला तेव्हाचा, गळ्यात झेंडूचा हार. मी शेजारच्या बायका कापल्या, रंग काढून टाकला आणि लेख फेसबुकवर चढवला. आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, गळ्यात हार, फोटो काळापांढरा, वरून ‘अशी होती माझी आई’. हो, कळलं. आता कळलं.

पहिली कमेंट धम्मानंद सरांची. "भावपूर्ण श्रद्धांजली. आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत." मला वाटलं, सरांचं बोट चुकलं असेल. पण त्यांच्याखाली रांगच लागली. आपल्याकडं पहिल्यानं श्रद्धांजली लिहिली की दुसरा लेख वाचायच्या भानगडीत पडत नाही, हात जोडतो आणि पुढं जातो. लेख गावोगावच्या ग्रुपवर फिरला, दुपारपर्यंत चारशे. दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत दोन हजार.

मी घाईघाईनं खाली लिहिलं, "आई हयात आहे. कृपया गैरसमज नसावा." त्यावर उत्तरं आली, "अगदी खरंय सर, आई कायम हयातच असते. आपल्या हृदयात." माझं डोकं फिरलं. मी लिहिलं, "अहो, खरोखर जिवंत आहे! आत्ता माझ्यासमोर चहा पिऊन राहिली!" तर देगलूरच्या एका बाईंनी लिहिलं, "डोळे पाणावले. मलाही अजून असेच भास होतात. सर, स्वतःला सावरा." त्याला साठ लोकांनी हात जोडले. आता काय करायचं, कप्पाळ!

खोटं कशाला बोलू, आतून थोडं बरंही वाटत होतं. श्रद्धांजली वाहून झाल्यावर काही जण जुने लेख उघडत होते. मांजरा नदी एका दिवसात नव्वद लोकांनी वाचली. हसावं, रडावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी, मला काही सुधरेना.

आईला कळलं ते फोनवरून. मी शाळेत होतो. गावाकडच्या चुलत्यांनी फोन केला आणि तो आईनंच उचलला.

"धुरपता वैनी कधी गेल्या म्हणं?"

"कुटं जाऊ? हितंच हाय की."

पलीकडं फोन पडल्याचा आवाज आला म्हणे.

मी घरी आलो तेव्हा आई दारातच उभी. "जित्त्या माणसाला मारून बसलास व्हय रं? ह्येच्यासाठी शिकीवलं तुला?" मी माफी मागितली, लॅपटॉप उघडला आणि लेख खोडायला बसलो. आई शेजारी येऊन टेकली. म्हणाली, "खोडायच्या आदी वाच बरं, कोन कोन काय लिवलंय."

तासभर वाचून दाखवलं. प्रत्येक नावावर ती म्हणायची, "हं, फुडं." आधी मला वाटलं, म्हातारीला मजा वाटून राहिली. मग लक्षात आलं की ती एकच नाव शोधतेय.

"चतुरीचं न्हाई का रं?"

चतुराबाई म्हणजे माझी मावशी, औशाची. आईची एकुलती एक बहीण. बारा वर्षांपूर्वी माझ्या लग्नात मावशीच्या मालकांना फेटा बांधायचा राहून गेला. चूक आमचीच, फेटे कमी पडले. पण त्यांनी मानपानाचं मनावर घेतलं आणि दोघं भरल्या ताटावरून उठून गेले. त्या दिवसापासून बहिणी बहिणी एकमेकींशी बोलत नाहीत.

"मावशीला कुठं फेसबुक येतंय?" मी म्हणालो.

"तिच्या नातीला येतंय की, तनुजाला. खबर लागली असंल." आईनं माझा हात लॅपटॉपवरून बाजूला केला. मग म्हणाली, "न्हाई खोडायचं. ऱ्हाऊ दे दोन दिस."

"आई, अगं लोक मला येड्यात काढतील."

"काढू दे. दवाखान्यात पोट फाडलं तवा न्हाई आली. मी मेले म्हनल्यावर तरी येती का बगू. तिला बगायचंय मला, लेकरा. लई वाटून राहिलं."

दवाखान्याचं नाव निघालं तसा मी लॅपटॉप बंद केला आणि बाहेर चक्कर मारून आलो.

दोन दिवस आई दारातच. लातूरहून येणाऱ्या एसटीच्या वेळा तिनं शेजारच्यांकडून पाठ करून घेतल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं काढलं. रूपाली सासूला म्हणाली, "आत्या, मेलेल्या बाईनं इतकं नटू नये." आई हसली, पण प्रत्येक गाडीची वेळ टळली की तिचं तोंड उतरायचं. मला ते बघवत नव्हतं. मावशी यावी असंही वाटायचं, आणि येऊ नये असंही वाटायचं.

तिसऱ्या दिवशी, रविवारी, साडेअकराला गेटपासूनच हेल ऐकू आला. "अगं माझ्या बाईऽऽ!" आई झटक्यात उठली आणि स्वयंपाकघरात शिरली. मला तोंडावर बोट ठेवून गप्प बस म्हणाली.

मावशी आली ती डोक्यावरचा पदर तोंडात कोंबतच. मागं बॅग घेऊन तनुजा. मी म्हणालो, "मावशी, अगं ऐक तरी," पण आपल्याकडं मयतीला आलेली बाई कुणाचं ऐकते का? तिनं रूपालीच्या गळ्याला मिठी घातली आणि हेल काढला. आणि आपल्या बायका हेल काढतात तेव्हा नुसत्या रडत नाहीत. मनात साठलेलं एकूण एक सांगतात.

"कुटं गेलीस गं मला टाकूनऽऽ! फेट्यापायी तोंड फिरवलं गं मीऽऽ! पर दवाखान्यात आल्ते गं बाईऽऽ! लातुराला आल्तेऽऽ! तुज्यासाठी जवारीच्या कण्याचा डबा घेऊन आल्ते गंऽऽ! तुज्या लेकानं पायरीवरून वापस लावलं गं मलाऽऽ! म्हन्ला, आईला तुजं तोंड बगायचं न्हाईऽऽ!"

रूपालीनं मिठीतूनच माझ्याकडं बघितलं.

मी विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. तीन दिवस झोप नव्हती, माझ्या लग्नातलं भरलं ताट डोक्यातून जात नव्हतं, आणि मावशी समोर डबा घेऊन उभी. आई असलं काही म्हणालीच नव्हती. ते माझं मी म्हणालो होतो. आणि पुढं जेव्हा जेव्हा आईनं विचारलं, चतुरी आल्ती का, तेव्हा मी मान हलवली. नाही.

आई बाहेर आली. मावशीचा हेल मधेच तुटला. "अगं बया!" ती मटकन खाली बसली, मग उठली, आईचे गाल चाचपले, हात चाचपले आणि पाठीत असा धपाटा घातला की आई पुढं झुकली. "मेली न्हाईस व्हय गं, सटवे!" मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसत होत्या की रडत होत्या, सांगता येईना. तनुजाही रडायला लागली. रूपाली पाणी आणायला गेली.

मला वाटलं, सुटलो. इतकं रडल्यावर कोण काय लक्षात ठेवतंय? पण आईनं मावशीच्या खांद्यावरून माझ्याकडं बघितलं.

"आल्ती का रं ही?"

मी डॉक्टरांचं सांगायला लागलो, बीपीचं, तिथल्या गर्दीचं.

"आल्ती का, येवडंच सांग."

"आल्ती."

आई मला काही बोलली असती, शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं मावशीचा हात धरला आणि तिला आत न्यायला निघाली. उंबऱ्यात थांबून तिनं एवढंच विचारलं, "ही जित्तेपनी आल्ती, ते मला मेल्यावरच कळायचं व्हतं व्हय रं?"