कॅसेटमधली गाळलेली चार मिनिटे

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे. अंगावर काळं प्लॅस्टिक, पोटात अडीचशे मीटर फीत, आणि पाठीवर निळ्या शाईतली एक चिठ्ठी: 'बसचा सिनेमा. पुसू नका.' हे अक्षर एल्मा नीमीचं. मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांनी माझ्या जातीचं कुणी पाहिलंही नसेल. तरी माझी गोष्ट ऐका, कारण गेल्या नाताळात माझ्यामुळे एका घराचा जीव टांगणीला लागला होता.

माझा जन्म कारखान्यातला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. आम्ही तिथं लाखांनी जन्मतो आणि सगळ्या सारख्याच दिसतो. १९८४ सालच्या डिसेंबरात मिशिगनच्या उत्तर टोकाला, लोखंडाच्या खाणीच्या गावात एल्माने मला विकत घेतलं. तिचा नवरा आर्वो खाणीत संध्याकाळच्या पाळीला असायचा. रविवारी टीव्हीवर नाताळचा एक सिनेमा लागणार होता. तो त्याला नंतर बघता यावा म्हणून ही सगळी खटपट.

सिनेमा साधाच, टीव्हीसाठी चार पैशांत उरकलेला. हिमवादळात अडकलेली एक बस, प्रवासी एका चर्चमध्ये आसऱ्याला. त्या चर्चमध्ये स्वयंपाक करणारी मुलगी म्हणजे बसच्या ड्रायव्हरचीच अनेक वर्षांपूर्वी दुरावलेली लेक. बर्फ तर सरळ सरळ कापूस होता. पण नीमींच्या घरात त्याला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

त्या काळी टीव्हीवरचं उतरवून घेताना शहाणी माणसं जाहिराती गाळायची. जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवायचं बटण दाबायचं, संपली की सोडायचं. एल्मा बोट ठेवून तयारीतच बसली होती. ड्रायव्हर चर्चच्या दाराशी आला, जाहिरात लागली, एल्माने बटण दाबलं आणि स्वयंपाकघरातला फोन वाजला. लांबून बहिणीचा, हॅनाचा फोन! एल्मा धावली, तिच्यामागे बारा वर्षांची कारिन आणि नऊ वर्षांचा ग्लेनही धावले. तिघं परत येईपर्यंत सिनेमा पुढे गेला होता. त्यामुळे माझ्यात ड्रायव्हर दाराशी उभा असतो आणि पुढच्याच क्षणी सगळे टेबलाशी बसून सूप पीत असतात. मधली चार मिनिटं माझ्याकडे नाहीत.

एल्मा रडवेली झाली. आर्वोने पाळीवरून येऊन जेवणाचा डबा ठेवला, मला मशीनमध्ये घातलं आणि ती जागा आल्यावर मशीन थांबवलं. मग त्याने खाणीतली टोपी उलटी घातली आणि दाराशी जाऊन उभा राहिला.

"आमच्या खाणीवरच्या जेवणाच्या खोलीत टीव्ही आहे. मी बघितलंय," तो म्हणाला. "ड्रायव्हर काय म्हणतो ते मी सांगतो."

मित्रांनो, हा आर्वो वर्षभर मूग गिळून बसणारा माणूस. घरात त्याच्या तोंडून 'मीठ दे' आणि 'दार लाव' याच्यापलीकडे फारसं काही निघायचं नाही. पण त्या दिवशी तो चार मिनिटं बोलला. ड्रायव्हर म्हणे लेकीला सांगतो की, मी थकून येतो आणि तुमच्यावर खेकसतो, पण राग तुमचा नसतो. एल्माच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हापासून तो घराचा रिवाज झाला. चोवीस डिसेंबरला दुपारी, वेलदोड्याचा गोड पाव आणि कॉफी झाली की मी फिरायची, त्या जागी थांबायची आणि आर्वो टोपी उलटी करायचा. पण दुसऱ्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की ड्रायव्हरचं बोलणं बदललंय. आम्हा फितींचं एकदा उमटलं की तेच ते असतं. सिनेमातला माणूस दर वर्षी वेगळं कसं बोलेल? ज्या वर्षी आर्वोने एल्माच्या वाढदिवशी पिऊन तमाशा केला, त्या वर्षी ड्रायव्हरने बायकोची माफी मागितली. ते शब्द आर्वोचे होते. जेवणाच्या खोलीत टीव्ही नव्हताच.

पोरांना मात्र ते सगळं सिनेमातलंच वाटायचं; बाबांना दर वर्षी आणखी काही आठवतं, अशी त्यांची समजूत होती. आणि इथेच घात झाला.

एकोणीस वर्षांचा ग्लेन खाणीत जायला नाही म्हणाला. त्याला शिकागोला जाऊन स्वयंपाकी व्हायचं होतं. आर्वो जेवणाच्या टेबलावर ओरडला, "भांडी घासणारा मुलगा मला नको. चालता हो!" ग्लेन गेला. आईच्या शब्दाखातर तो त्या नाताळाला आला. मी फिरले, थांबले. ड्रायव्हर म्हणाला, "पोरी, दार तू नाही लावलंस, मी लावलं. आणि आता कडी मलाच काढता येत नाहीये."

ग्लेनने खाली मान घालून ऐकलं आणि वाट बघितली. सिनेमातलं संपेल आणि बाप स्वतःचं काहीतरी बोलेल, म्हणून. आर्वोने टोपी सरळ केली आणि लाकडं फोडायला निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्लेनने बॅग उचलली. त्यानंतर तीस वर्षं तो फक्त आईशी फोनवर बोलला.

माझीही उतरती कळा लागली. मशीन बंद पडलं, दुरुस्त करणारा दुकानदार गाव सोडून गेला, आणि मला नाताळच्या झाडाच्या सजावटीबरोबर पत्र्याच्या डब्यात घालून तळघरात ठेवलं. ओल लागली. कडेला पांढरी बुरशी आली. मला स्वतःचं वाईट वाटायचंच, पण त्याहून जास्त वाईट याचं, की मी फिरेनाशी झाले आणि आर्वोचं ते चार मिनिटांचं बोलणंही संपलं.

गेल्या डिसेंबरात डब्याचं झाकण उघडलं. वर आर्वो होता. त्याला धाप लागली होती. सत्तावीस तारखेला त्याच्या हृदयाची मोठी शस्त्रक्रिया होती आणि वयाकडे बघून डॉक्टरांनी हमी द्यायचं टाळलं होतं. ते ऐकून ग्लेन आला होता. पण तो बापाच्या खोलीत थांबत नव्हता. आर्वो बैठकीत आला की हा स्वयंपाकघरात, तो स्वयंपाकघरात आला की हा अंगणात बर्फ ओढायला.

आर्वोने कुठूनसं जुनं मशीन मिळवलं होतं. त्याने कापसाने माझ्या कडा पुसल्या. त्याला काय हवं होतं ते मला कळलं. त्याला परत एकदा ड्रायव्हर व्हायचं होतं. शस्त्रक्रियेआधी, ग्लेन समोर असताना. माझी फीत तुटली तर ती संधी जाणार होती.

चोवीसची दुपार झाली. कॉफी झाली. आर्वो मला हातात घेऊन उठला, तेवढ्यात कारिन म्हणाली, "थांबा, बाबा! ती ठेवा. माझी भेट बघा आधी." तिचा चेहरा आनंदाने फुलला होता. "मी अख्खा सिनेमा शोधून काढला! एका संग्राहकाकडे होता. ती चार मिनिटंसुद्धा आहेत त्यात. चाळीस वर्षांनी!"

आर्वो होता तिथंच उभा राहिला. त्याची बोटं माझ्यावर घट्ट झाली.

"आपली कॅसेटच बरी गं," एल्मा घाईघाईने म्हणाली. "तीच लावू."

"आई, तिला बुरशी आलीये! मशीन खाऊन टाकेल तिला."

"मग आधी सौना तापवा, वाफेची आंघोळ उरकू. सिनेमा नंतर बघू."

"सौना पाचला असतो, आई. आजवर कधी तीनला तापवलाय?"

ग्लेन दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "लाव गं," तो कोरडेपणाने म्हणाला. "मलाही बघायचंय. निदान ते भाषण खऱ्या नटाच्या तोंडून ऐकू."

आर्वो मटकन खुर्चीत बसला. मी त्याच्या मांडीवर होते. सिनेमा सुरू झाला. बस अडकली. कापसाचा बर्फ पडला. कुणी हसलं नाही. एल्मा दोनदा उठली, दोनदा बसली. ती जागा जवळ येत होती आणि आर्वोचा श्वास मला वरून ऐकू येत होता, छोटा आणि भराभर.

ड्रायव्हर दाराशी आला. आत शिरला. बूट झटकले. लेकीने त्याच्याकडे पाहिलं. पाद्रीबुवांनी पेटी वाजवली, सगळ्यांनी एक भजन म्हटलं, तेही पूर्ण. मग ड्रायव्हर म्हणाला, "सूप मिळेल का?" लेकीने वाडगा पुढे सरकवला. सगळे टेबलाशी बसले.

कारिनचं तोंड उघडंच राहिलं. "एवढंच?"

"थांबव," ग्लेन म्हणाला. तो चौकटीपासून दोन पावलं आत आला होता. "ते कुठंय? 'दार तू नाही लावलंस, मी लावलं.' कडीचं. ते कुठंय यात?"

कारिनने सिनेमा थांबवला.

"बाबा, मी तुम्हाला विचारतोय."

"नाहीये," आर्वो म्हणाला.

"मग ते कोण म्हणालं होतं?"

आर्वोने छातीवर हात दाबला. एल्मा गोळ्यांच्या डबीकडे झेपावली, त्याने हातानेच तिला थांबवलं. "स्वतःचं म्हणायला गेलं की घशात अडकायचं," तो म्हणाला. "ड्रायव्हरचं म्हणून म्हटलं की निघायचं."

"तीस वर्षं!" ग्लेनचा आवाज फाटला. "मला वाटायचं, या माणसाकडे पोराला द्यायला स्वतःचं एक वाक्य नाही. टीव्हीवरचं पाठ करून टाकतो तोंडावर. तीस वर्षं मी हे डोक्यात घेऊन फिरतोय!"

"मला माहीत होतं," एल्मा हळूच म्हणाली. "दुसऱ्या वर्षी हॅनाकडे हा सिनेमा परत लागला होता. तेव्हाच बघितलं मी."

आर्वोने तिच्याकडे पाहिलं. "आणि तू बोलली नाहीस?"

"वर्षातून चार मिनिटं तोंड उघडायचास तू. मी बोलले असते तर तीही गेली असती. पण ग्लेनला तरी सांगायला हवं होतं. ते चुकलं माझं."

ग्लेनने खुंटीवरचा कोट ओढला. हा आता दार उघडून गेला, तर सत्तावीस तारखेनंतर परत येऊन उपयोग नसेल. त्याने एक बाही घातलीसुद्धा. मग तो तसाच, अर्धा कोट लोंबत, बापासमोर येऊन उभा राहिला.

"आता म्हणा," तो म्हणाला. "सिनेमा नको, टोपी नको. म्हणा."

आर्वोचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मित्रांनो, मी कित्येक हिवाळे तळघरात काढलेत, पण तेवढा वेळ मला कधी लांब वाटला नाही. त्याने मला बाजूला ठेवलं आणि दोन्ही हात खुर्चीवर टेकून तो उभा राहिला.

"ग्लेन, मी तुला घराबाहेर काढलं. ते चूक होतं." तो थांबला, श्वास घेतला. "भांडी घासण्यात काही वाईट नाही. मी घाबरलो होतो. तू गेलास तर खाणीतून वर यायचं कुणासाठी, हेच मला कळेना."

ग्लेन पुढे सरकला. त्याने मोकळ्या हाताने बापाचं कोपर धरलं, कारण आर्वो डुलत होता, आणि त्याला खाली बसवलं. मग तो स्वतः शेजारच्या स्टुलावर बसला आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

"दवाखान्यात मी नेणार," शेवटी तो म्हणाला. "कारिनला बर्फात गाडी चालवता येत नाही."

"येते!" कारिन रडता रडता ओरडली.

"दोनदा खड्ड्यात घातलीस."

"एकदा! दुसऱ्यांदा हरीण आडवं आलं होतं!"

शस्त्रक्रिया सहा तास चालली. आर्वो जानेवारीत छातीवर टाक्यांची लांब रेघ घेऊन घरी आला. ग्लेन बर्फ वितळेपर्यंत राहिला. तो बिनमिठाचं शिजवायचा आणि बाप रोज कुरकुरायचा, "याच्यापेक्षा दवाखान्यातलं बरं होतं." "मग जा परत," मुलगा म्हणायचा. स्वयंपाकघरातले ते वाद मला फळीवरून ऐकू यायचे. मला आता कुणी लावत नाही, पण डब्यातून मात्र बाहेर काढलंय.

मित्रांनो, जुन्या वस्तूने शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायची रीत आहे. तेही सांगते: मला कोरडी जागा द्या, उभी ठेवा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं एखादं अबोल माणूस कधी गोष्टीतल्या माणसाच्या नावाने काही सांगू लागलं, तर नीट ऐका, आणि गोष्ट संपल्यावर त्याच्या मागोमाग जा. तुम्ही स्वतः तसे असाल, तर मनातलं आजच बोला. आर्वोला बोलायला वेळ मिळाला, पण तो तीस नाताळ घालवून मिळाला, आणि ते नाताळ त्याला कुणीही परत दाखवू शकत नाही.