परसरामाचं विमान

"घर्रर्र... घर्रर्र..." बांधावर उभ्या परसरामानं तोंडानंच विमान काढलं, आन् देवकाबाई हातातल्या पऱ्ह्यांसकट, धानाच्या रोपांसकट, चिखलात पालथी पडली. रोवणाऱ्या बाया फिदीफिदी हसल्या. परसराम तर पोट धरून हसला. धानाच्या चार बांध्यांचा मालक, बाप्पा! घरी बायकोपुढे मान वर करत नाही, पण विधवेला चिखलात लोळवायला भारी शूर.

"उठ व बुडे, गेलं विमान! माहे पऱ्हे मोडून राहिली ना."

बिरसीचं विमानतळ जवळच. शिकाऊ पोरं दिवसभर विमानं घेऊन कामठ्याच्या शिवारावर घिरट्या घालतात. गावाला त्याचं काही नाही. पण देवकाबाई पडली जंगलाकडची. तिकडे एकदा ऐन रोवण्यात हेलिकॉप्टर आलं, बंदुका सुरू झाल्या, आन् ती बांधीत तोंड खुपसून पडून राहिली. उठून पाहते तर शेजारी नवरा शालीकराम पडलेला, तो उठलाच नाही. गोळी जंगलवाल्यांची की पोलिसांची, कोणी सांगितलं नाही. लेकीनं, डिंपलनं, तिला कामठ्याला आणलं. पण वरून आवाज आला की अंग आपोआप खाली जातं.

गाव म्हणे, भूत लागलं. आरोग्य शिबिरातल्या डॉक्टरनं तर मान वर न करताच सांगितलं, "टेन्शन घेऊ नका." टेन्शन म्हणजे काय बाजारातली वांगी आहेत, घ्यावी वाटली तर घ्यायला?

"माय, तू घरीच राय ना," डिंपल रोज म्हणायची.

"घरी भिताडं खायले येतेत मले. रोवण्यात चार बाया तं रायतेत बाजूले. रातच्याले थोडी झोप लागते."

आज परसरामाचा रोवणा सरत होता. त्यानं बायांच्या मुकादमणीला, चंद्रकांताला, फर्मावलं, "उद्यापासून हिले आणू नोको. कोनाच्याच बांधीत नोको." ते देवकाबाईनं ऐकलं. आता पुन्हा ती भिताडं!

शेवटची ओळ लागली. रोवणा सरला की मालकाला चिखलानं माखायची रीत. त्यानं जेवण कबूल करेस्तोवर सोडायचं नाही. बायांनी परसरामाला बांधीत ओढला. जेवणाचं नाव काढायचं सोडून हा कंजूस देवकाबाईकडे पाहून पुन्हा गाल फुगवतो, "घर्रर्र..."

देवकाबाईचे गुडघे वाकले. पण या वेळी त्याचं तोंड तिच्या समोरच होतं. थुंकी उडवणारं, बेडकासारखं फुगलेलं.

"ह्या तोंडाले भेली मी?" तिनं त्याची मान धरली आन् चिखलात दाबली. "पड ना आता! कायले उभा हायेस? विमान येऊन राहिलं ना!"

"मेलो व, मेलो!"

"मरत नाई. मी तं रोजच पडून राहिली, मेली काय?"

बाया हसून हसून वाकल्या. तेवढ्यात खरंच विमान आलं, अगदी खालून. देवकाबाई जागच्या जागी पालथी झाली, परसरामाच्या शेजारीच.

कोणी हसलं नाही. चंद्रकांता चिखलात बसली आन् आवाज विरेपर्यंत तिच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

"उद्या गुलाबचंदच्या बांधीत रोवणा हाये, बाई. लवकर येजो."

"हिले आणू नोको म्हटलं ना मी!" परसराम ओरडला.

"तू पयले नाकातला चिखल काढ," चंद्रकांता म्हणाली.