गाडी पुढे गेली तर

माझ्या ताईने नवऱ्याला निर्वाणीचं सांगितलं होतं. "रविवारी तुमची गाडी पुढे गेली, तर रस्त्याकडची खोली कायमची तुमची. नाही गेली, तर माझं शिलाई मशीन तिथे येणार."

मशीन तेव्हा स्वयंपाकघरात फ्रिजला टेकून उभं होतं. ताई शिवत असताना कुणाला थंड पाणी हवं असलं, तर तिला उठावं लागे. म्हणून घरात सगळे कोमट पाणी पीत.

खोलीत भावोजी डिझेलवर चालणारी मोटारसायकल बनवत होते. सांगाडा भंगारातला, इंजिन पाण्याच्या पंपाचं. इथवर आम्ही सोसलं. खरं वाजलं ते इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायची कशी, यावरून. शेजारच्या लेथवाल्याचं म्हणणं, स्कूटरसारखा बेल्ट टाका. ना गिअर, ना क्लच.

"बेल्टवर पिठाची गिरणी चालते," भावोजी म्हणाले. "मला दळण आणायचं नाहीये."

"बेल्ट टाका, सुखी व्हाल, काका," लेथवाला म्हणाला.

"अरे, हे इंजिन म्हणजे म्हातारा पैलवान. पळवलास तर बसकण मारेल, ओझं दिलंस तर ओढत राहील. त्याला गिअर लागतात. आणि गिअर म्हटला की क्लच आला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "क्लच म्हणजे काय, माहितीये? माझ्या आणि तुझ्या ताईच्या मध्ये तू असतोस ना, तो."

"म्हणजे प्लेट जळालेली," मी म्हणालो.

शेवटी एका जुन्या मोटारसायकलचा चार गिअरचा गिअरबॉक्स आला, क्लचसकट. मूळ गाडीत इंजिनाचं दातेरी चाक थेट क्लचच्या दातांत बसायचं. इथे ते काही जुळेना, म्हणून भावोजींनी मध्ये साखळी टाकली. झकास बसली. लेथवाला काहीतरी बोलायला आला होता, पण भावोजींनी "बेल्ट?" एवढंच विचारलं आणि तो आल्या पावली परतला.

रविवारी गाडी ढकलत रस्त्यावर आणली. तोंड कोपऱ्याकडे, शेपूट खोलीच्या रुंद दाराकडे. ताई दारात, लेथवाला आणि गल्लीतली माणसं रस्त्यावर. इंजिन धुडधुडू लागलं, तावदानं थरथरली. भावोजींनी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, हनुवटी वर केली आणि क्लच सोडला.

गाडी मागे आली.

सावकाश, ऐटीत, कामावरून घरी परतावं तशी. ताई बाजूला झाली. भावोजी हनुवटी न हलवता खोलीत गेले. आतून धाडकन आवाज आला आणि इंजिन बंद पडलं.

रस्त्यावर कुणी पापणी लववली नाही. भूत दिसलं असतं तर निदान ओरडता आलं असतं.

"दुसरा टाकून बघा," मी कसंबसं म्हणालो.

गाडी पुन्हा रस्त्यावर ढकलली. दुसऱ्यातही तेच झालं, फक्त लवकर.

"किती गिअर आहेत?" ताईने विचारलं.

"चार."

"चारही मागे?"

"न्यूट्रल सोडून," लेथवाला म्हणाला. "काका, दातांत दात असले की एक चाक उलटं फिरतं, एक सुलटं. साखळीने दोन्ही एकाच बाजूला फिरतात. तुमचा अख्खा गिअरबॉक्स उलटा चाललाय. हेच सांगायला आलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बेल्टचं विचारलंत."

भावोजींनी खोलीतल्या पान्यांवरून, खिळ्यांना टांगलेल्या साखळ्यांवरून नजर फिरवली. आता रडतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी गाडी जागच्या जागी फिरवली, तिचं तोंड भिंतीकडे केलं आणि सुरू केली. पाय जमिनीला घासत, चेहरा आमच्याकडे ठेवून ते दारातून बाहेर पडले आणि तसेच उलटे कोपऱ्यापर्यंत गेले.

"गेली!" तिथून ते ओरडले. "घराच्या पुढे गेली की नाही?"

मी ताईकडे पाहिलं.

"गेली," ताई म्हणाली.

लेथवाल्याने भिंत धरली. भावोजींचं म्हणणं ताईला पटल्याचं या गल्लीने कधी ऐकलं नव्हतं.

"घराच्या पुढेच गेली," ताई म्हणाली. "आता तिथेच राहू दे. घराच्या पुढे." मग मला म्हणाली, "अरे, बघत काय बसलास? मशीनचं ते टोक धर."

आम्हाला मशीन खोलीत नेताना पाहून भावोजी अडवायला घाईघाईने गाडीवर बसले, पहिला गिअर टाकला आणि आमच्याकडेच बघत आणखी लांब गेले.