होऊन गेलेले आणि हयात असलेले

"ते कार्ड वाचायच्या आधी एकदा मागे वळून बघत जा पोरी, मी त्यातल्या कुठल्या शब्दात बसलेय ते," आंटी मर्ल म्हणाल्या होत्या. टेगन नुसती हसली होती, आणि तिने त्यांच्या कपात अजून थोडा चहा ओतला होता.

कार्ड म्हणजे प्लास्टिकमध्ये घातलेला तळहाताएवढा कागद. नदीकाठच्या त्या नेटबॉल क्लबची प्रत्येक बैठक त्यानेच सुरू व्हायची. गोरे यायच्या आधीपासून ही जमीन ज्यांची, त्या मूळ धन्यांना वंदन. त्यांच्या होऊन गेलेल्या आणि हयात असलेल्या वडीलधाऱ्यांना आदर. टेगन सेक्रेटरी, म्हणून वाचायचं काम तिचं. एका हाताने तीन वर्षांच्या आर्लीला बिस्किट भरवत ती ते घडाघडा म्हणून टाकायची. तेवढ्यात अध्यक्ष डेस आपला चष्मा शोधून घ्यायचा.

ज्यांना हे वंदन, त्या लोकांपैकी खोलीत एकट्या आंटी मर्ल. सगळं गावच त्यांना आंटी म्हणायचं. उभा जन्म पंच म्हणून काढलेला, शिट्टी अजून गळ्यात. मागच्या भिंतीशी, चहाच्या पाण्याच्या बॉयलरजवळची खुर्ची त्यांची. वाचून झालं की म्हणायच्या, "पोचलं. आता मुद्द्याचं बोला." की सगळे हसायचे.

टेगन तशी सावलीलाही घाबरणारी. आर्लीचा ताप, मागची नदी, सरपणात दडून बसणारे साप. झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी बाई ती. पण नदीकाठच्या शेवटच्या घरात एकट्या राहणाऱ्या, शेवाळलेल्या पायऱ्या चढणाऱ्या म्हातारीची काळजी तिला कधी वाटली नाही. काळजी करायचं काम आंटींचं, असंच तिच्या डोक्यात बसलेलं.

जुलैतली, ऐन थंडीतली बैठक होती. दुपार असूनही नदीवरचं धुकं मैदानावरून हललं नव्हतं. बॉयलरजवळची खुर्ची रिकामी होती. भाचीकडे गेल्या असतील, असं कुणीतरी म्हणालं. डेस म्हणाला, सुरू कर, उशिरा आल्या तर उलट आपल्यालाच दम देतील. टेगनने वाचायला घेतलं.

'होऊन गेलेल्या' हा शब्द तिच्या तोंडातून बाहेर पडला आणि खोलीत चिखलाचा वास आला. नदी उतरल्यावर काठावर येतो तसा, थंड, जुना. दारं-खिडक्या बंद होत्या.

टेबलाखाली खेळणारी आर्ली बाहेर आली. दुकानात मोठ्या माणसांना वाट द्यायला शिकवलं होतं, तशी अंग चोरून ती आईच्या पायाला चिकटली. मग आणखी मागे सरकली. एकामागून एक कुणीतरी पुढून जावं तशी तिची मान फिरत होती.

"आई, केवढे जण आलेत."

टेगनने विचारलं, कोण गं?

"ते. उभेच राहिलेत. आंटीच्या खुर्चीत कुणी बसत नाहीये."

डेस म्हणाला, मग चहा पुरायचा नाही. कुणी हसलं नाही.

टेगनचे डोळे कार्डावरच्या पुढच्या शब्दांवर गेले. 'आणि हयात असलेल्या.' मग रिकाम्या खुर्चीवर. तिने कार्ड पालथं ठेवलं, आर्लीला कडेवर घेतलं आणि गाडी काढली.

आंटी मागच्या पायऱ्यांखाली पडलेल्या होत्या. पाय भलत्याच बाजूला वळलेला, ओठ राखाडी, शिट्टी ओठांतच. दम संपेपर्यंत फुंकली असणार. धुक्याने सगळी गिळली. सकाळपासून तिथेच. टेगनने अंगातला कोट त्यांच्यावर घातला आणि रुग्णवाहिकेला फोन केला.

"कार्ड वाचलंस?" आंटींनी विचारलं.

"अर्धंच."

"कुठवर?"

टेगनने सांगितलं. आंटींनी डोळे मिटले. "तरीच. सकाळपासून सगळी इथे अंगणात बसलेली. माझी गेलेली बहीणसुद्धा. चल म्हणत होती. मग तू आदर देतेयस म्हटल्यावर सगळी उठून तिकडे गेली. बोलावल्यावर जावं लागतं ना."

"आता कुठे आहेत?"

"तुझ्या बैठकीत. बोलणाऱ्याचं पुरं झाल्याशिवाय उठायची रीत नाही आमच्या घरात."

"मग मी पुरं करू?"

"आधी बघ, मी कुठल्या शब्दात आहे. मग कर." इतकं बोलून त्या हसल्या, आणि त्यांना ठसका लागला.

त्यांना शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. क्लबात मात्र तो वास राहिला. गालिचा धुतला, खिडक्या उघड्या टाकल्या, तरी राहिला. आर्ली आत आली की भिंतीला घासून चालते, हळूच "सॉरी, सॉरी" म्हणत. आणि परवा डेसने कुणी न सांगता मागच्या भिंतीशी खुर्च्यांची एक रांग मांडली. विचारलं तर म्हणाला, असू दे.

आज पुन्हा बैठक आहे. सगळे बसलेत. टेगनच्या एका हातात कार्ड आहे, दुसऱ्यात फोन. हॉस्पिटलच्या वॉर्डातला फोन वाजतोय, उचलत कुणी नाही. भाचीचा फोन बंद.

आर्लीने तिची बाही ओढली. "आई, ते दाराकडे निघालेत. आता थांबत नाही म्हणतात, आंटीला आणायला चाललेत."

टेगन दारात आडवी उभी राहिलीय. आरपार जाणाऱ्यांना असं अडवता येतं का, तिला माहीत नाही. गावातून शहर खूप लांब आहे. ती पोचेपर्यंत उशीर होईल. म्हणून ती ज्याला त्याला एकच सांगतेय, तुम्हालाही. तुम्ही त्या हॉस्पिटलच्या आसपास असाल तर जरा वर जाऊन या. खिडकीजवळचा पलंग, गळ्यात शिट्टी, आंटी मर्ल म्हणून विचारा. नुसतं लांबून बघू नका, नाकाशी बोट धरा. आणि लगेच कळवा. तोवर ती ते अर्धं वाक्य तोंडात धरून उभी आहे.